कोरड्या दगडी रचाईची सार्वजनिक नोंद करताना बिंदू टाकावा, रेघ ओढावी, की आधी मालकाला विचारावे?

प्रश्न: मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांना नमस्कार. दिवाळीनंतर गवत वाळू लागले तेव्हापासून आम्ही तिघे जण खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात, चुना किंवा सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड रचून केलेल्या बांधकामांची नोंद करीत आहोत. आजवर ४१ नोंदी झाल्या आहेत. त्यांत शेताभोवतीचे गडगे सर्वाधिक असून उतारावरच्या नाचणीच्या शेतांच्या ताली (मागची माती धरून ठेवणाऱ्या भिंती), तीन विहिरींच्या पौळी (आतून रचलेल्या गोल भिंती), गवळीवाड्याजवळचे गुरांचे एक वाडगे आणि एका देवराईची पडकी भिंतही आहे. हे सगळे सध्या एका स्प्रेडशीटमध्ये पडून आहे आणि ते सर्वांना पाहता येईल, भर घालता येईल अशा स्वरूपात नकाशावर आणावे असा विचार आहे.

कल्पना आमची नव्हे. क्रोएशियात ‘सुहोझिद’ नावाची सार्वजनिक नोंदवही इंटरनेटवर आहे. त्या भाषेत सुहो म्हणजे कोरडे आणि झिद म्हणजे भिंत. आपल्या परिसरातली कोरडी भिंत किंवा दगडी खोपी कोणीही तिथे छायाचित्रासह नोंदवू शकतो. स्पेनमधील कॅटालोनियात ‘विकिपेद्रा’ याच धर्तीवर चालते. युनेस्कोने २०१८ साली कोरड्या दगडी रचाईच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड अशा आठ देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता. २०२४ मध्ये आयर्लंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि अँडोरा हे आणखी पाच देश त्यात आले. ती यादी वाचताना मनात आले की आमच्या आजोळच्या गडग्यात आणि त्या भिंतींत रचण्याच्या रीतीने फारसा फरक नाही; फरक आहे तो त्यांची मोजदाद झाली आहे आणि आपला गडगा जेसीबीच्या एका फेरीत खडी क्रशरकडे जातो, एवढाच.

आता अडचणी सांगतो. पहिली म्हणजे नेमके काय मोजायचे, यावर आम्हा तिघांतच एकमत नाही. एक मित्र हलशीचे भूवराह नरसिंह मंदिरही यादीत घालायला निघाला होता. दुसरी तांत्रिक आहे. चारशे फूट लांबीचा गडगा एका बिंदूने दाखवला तर नकाशावर तो आणि एक विहीर सारखेच दिसतात. तिसरी सर्वांत अवघड आहे. मागच्या महिन्यात एका शेतात टेप लावून मोजमाप घेत असताना मालक आले, त्यांनी आधी चहा पाजला आणि मग शांतपणे विचारले, “मोजणीवाले आलासा काय? कुणी धाडलंय तुमाला?” आम्ही परोपरीने सांगितले, त्यांनी ऐकूनही घेतले, पण आम्ही वाटेला लागेपर्यंत ते बांधावर उभे होते. त्या शेताची नोंद आम्ही अजून केलेली नाही.

अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: जुना ओळंबा (चिकोडी)

मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर पस्तीस वर्षे घालवली असल्याने पहिल्या प्रश्नापुरते बोलतो.

युनेस्कोची व्याख्या सोपी आहे. दगडावर दगड रचायचा, दुसरे कोणतेही साहित्य वापरायचे नाही. क्वचित कोरडी माती चालते. या व्याख्येने मंदिरेही आत येतात असे आपल्या मित्रास वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे चुना न दिसणाऱ्या प्रत्येक जुन्या देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवय आहे, मग ते देवगिरीच्या यादवांच्या प्रधानाच्या आधीचे का असेना. हलशीचे मंदिर, देगावचे कमलनारायण किंवा बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालची कमल बस्ती यांतील दगड घडीव आहेत. छिन्नीने पृष्ठ सपाट करून, खाच आणि कूस जुळवून बसवलेले आहेत. ती पाथरवटाची आणि शिल्पकाराची विद्या झाली. गडगा रचणारा दगड घडवत नाही, तो निवडतो. फार तर हातोडीने एखादा कोपरा उडवतो. ही रेघ आखून घ्यावी असे माझे मत आहे. देवळे कोणत्या ना कोणत्या यादीत आधीच आहेत, आणि ती एकदा नकाशावर आली की लोक देवळेच टाकत राहतील आणि गडगा पुन्हा मागे पडेल. गोकाकजवळ कोण्णूरला असलेले महापाषाणयुगीन शिळाकक्ष किंवा कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकल यांचेही तसेच आहे. दगड कोरडेच उभे आहेत, पण तो पुरातत्त्वाचा विषय आहे. हिरेबेणकल तर २०२१ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे.

एका फसवणुकीपासून सावध राहा. जुन्या गढीची किंवा बुरुजाची भिंत बाहेरून कोरडी दिसते, कारण शे-दोनशे पावसाळ्यांनी सांध्यातला चुना धुऊन नेलेला असतो. तळापासून दोन-तीन फूट उंचीवर, जिथे पावसाची झड थेट लागत नाही अशा सांध्यात, वाळलेली काडी खोल घालून फिरवा. काडीला पांढरट भुकटी लागली तर ती भिंत चुन्याची आहे. कोरड्या रचाईच्या सांध्यात काडी बहुधा अडत नाही, आत पोकळी लागते आणि लाल मातीखेरीज काही निघत नाही. मात्र बोट घालू नये; त्या पोकळीत कोण राहते हे आपल्याला ठाऊक नसते.

नोंदीत दगडाची जात अवश्य लिहावी, कारण आपल्या जिल्ह्यात रचाई दगडाप्रमाणे बदलते. खानापूरकडे जांभा आहे. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो. त्यामुळे त्याचे चौकोनी चिरे निघतात आणि उरलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांचे गडगे होतात. चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडे काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. झिजून गोल झालेले त्याचे धोंडे शेतातूनच निघतात आणि गोल धोंड्यांची भिंत उभी करणे हे सर्वांत कठीण काम, म्हणून तिथल्या ताली रुंद आणि बसक्या दिसतात. गोकाक आणि सौंदत्तीकडे कलादगी मालिकेतला वालुकाश्म, ज्याच्या थरांमुळे सपाट लाद्या मिळतात आणि भिंत पुस्तकांच्या चळतीसारखी सरळ चढते. ज्या दगडावर घटप्रभेने गोकाकचा धबधबा कोरला, त्याच दगडाच्या या लाद्या. एकाच जिल्ह्यात तीन रीती आहेत आणि माझ्या माहितीतल्या कोणाही अभियंत्याने त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिलेल्या नाहीत. मीही पाहिल्या नाहीत, हे कबूल करतो.

मोजताना लांबी-उंचीवर थांबू नका. माथ्यावर काठी आडवी धरून तिच्या टोकावरून दोरीला बांधलेला दगड पायाला जेमतेम टेकेल असा सोडा आणि माथ्याशी दोरी भिंतीपासून किती इंच बाहेर राहते ते लिहा. चांगली भिंत दोन्ही बाजूंनी आत झुकलेली असते; मी मोजलेल्या एका तालीत चार फुटांच्या उंचीला आठ इंच ढाळ होता, म्हणजे सहास एक. दुसरे, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत गेलेले लांब आरपार दगड आहेत का आणि किती अंतरावर आहेत ते पाहा. ते नसतील तर दोन्ही अंगे फुगून वेगळी होतात आणि मधली कपच्यांची भर खाली सांडते. तिसरे, पावसात एकदा जाच. सिमेंटच्या भिंतीमागे पाणी साचते आणि त्या दाबाने भिंत ढकलली जाते. ठेकेदार पाणी निघायला छिद्रे ठेवायचे विसरला की दोन पावसाळ्यांत भिंत आडवी, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. ताल मात्र सगळ्या अंगाने पाझरते, माती मागे राहते आणि पाणी पुढे जाते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात तालीच्या पायथ्याशी उभे राहून पाणी गढूळ येते की निवळ येते हे ज्याने पाहिले, त्याला ती भिंत जिवंत आहे की नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तर: रेघोट्या (बेळगाव)

मी काही वर्षे ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या मुक्त नकाशावर, बेळगाव आणि परिसराचे काम हौसेने करीत आहे. नवी वेबसाइट बांधण्याच्या फंदात आत्ताच पडू नये अशी माझी विनंती आहे. वेबसाइट काढणे सोपे असते, दहा वर्षे चालू ठेवणे अवघड असते, आणि ती बंद पडली की नोंदीही जातात.

भिंत ही रेघच असते, त्यामुळे तिला बिंदू नको. ओपनस्ट्रीटमॅपवर भिंत रेघेने काढून तिला ‘बॅरियर’ या खुणेत ‘वॉल’ आणि ‘वॉल’ या खुणेत ‘ड्राय स्टोन’ असे मूल्य देण्याची प्रचलित पद्धत आहे. मागे माती धरून ठेवणाऱ्या तालीसाठी ‘रिटेनिंग वॉल’ ही वेगळी खूण आहे आणि विहिरीला बिंदू पुरतो. हवाई छायाचित्रावरून रेघ ओढताना बिंग किंवा एसरीचे थर वापरावेत; गूगलच्या चित्रावरून नक्कल करण्याची तिथे परवानगी नाही. फेब्रुवारी ते मे या काळातले चित्र मिळाले तर उत्तम, कारण पावसाळ्यातल्या चित्रात खानापूर म्हणजे एक हिरवी चादर.

मात्र ओपनस्ट्रीटमॅप हा जमिनीवर जाऊन पडताळता येईल अशा गोष्टींचा नकाशा आहे. भिंत कोणी रचली, आजोबा काय सांगत असत, ढाळ किती, हे तिथे बसत नाही. त्यासाठी आपली स्प्रेडशीट राहू द्या आणि प्रत्येक रचाईला आपला स्वतःचा क्रमांक द्या. नकाशावरील रेघेचा क्रमांक आधार म्हणून वापरू नका, कारण उद्या कोणी त्या रेघेचे दोन तुकडे केले तर एका तुकड्याला नवा क्रमांक मिळतो आणि जुळणी तुटते. छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने चढवावीत, म्हणजे आपण राहिलो न राहिलो तरी ती राहतील. दोन्ही एकत्र दाखवायला यूमॅपसारखे साधन विनामूल्य आहे. शेतात रेंज नसेल तर कोबोटूलबॉक्सचा फॉर्म फोनवर आधी उतरवून ठेवता येतो, ऑफलाइन भरता येतो आणि एकच फॉर्म मराठीत व कन्नडमध्ये ठेवता येतो.

अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत लिहा आणि पाच स्थळांवर थांबा. चौथ्या स्थळाचा एक अंक म्हणजे सुमारे अकरा मीटर आणि पाचव्याचा सुमारे एक मीटर. मोकळ्या रानात फोन साधारण पाच मीटरच्या आत बसतो, झाडीखाली त्याहून चुकतो. त्यामुळे सात-आठ स्थळे लिहिणे हा नुसता देखावा होतो. आणखी एक सूचना स्वतः पोळल्यामुळे देतो. मित्रांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या छायाचित्रांतून स्थानाची माहिती गळून पडते. एका रविवारच्या साठ छायाचित्रांपैकी कोणते कुठले, हे शेवटपर्यंत कळले नाही. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

नावांबाबत भांडू नये. गावाच्या नावासाठी नकाशात मराठी आणि कन्नड रूपांचे स्वतंत्र रकाने आहेत, दोन्ही भरावेत. आपल्या भागात या एका मुद्द्यावर चांगली कामे अडलेली मी पाहिली आहेत.

मलप्रभाकाठ

दोघांचे मनापासून आभार. काडीचा प्रयोग आजच देवराईच्या भिंतीवर केला. काडी वीतभर आत गेली आणि मुंग्यांची रांग बाहेर आली, चुना नाही. रेघांचेही पटले. मालकांच्या शंकेचा प्रश्न मात्र उरतोच. आम्ही प्रत्येक नोंदीत सर्व्हे नंबर आणि मालकाचे नाव लिहीत होतो, म्हणजे पुढच्या माणसाला शोधणे सोपे जाईल अशा हेतूने. ते चुकले का?

उत्तर: हद्दीबाहेर (निपाणी)

चुकले, असे स्पष्ट सांगते. मी दिवाणी न्यायालयात वकिली करते आणि माझ्याकडच्या कागदांत निम्मे खटले बांधाचे असतात.

आपण वारसा म्हणून गडग्याकडे पाहता, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने गडगा म्हणजे हद्द. दोन भावांच्या वाटणीत गडगा नेमका कोणाच्या हिश्श्यात, तो मूळ रेघेवर आहे की कोणी पावसाळ्यात एक हात सरकवला, यावर पिढ्या भांडतात. अशा भिंतीच्या नोंदीत आपण एका मालकाचे नाव लिहिले, म्हणजे नकळत बाजू घेतली. उद्या त्याची प्रिंट काढून कोणी पंचांसमोर ठेवील. हद्द ठरवण्याची रीत ठरलेली आहे. कर्नाटकात भूमापन खात्याकडे अर्ज करून हद्दुबस्त करून घेतात, सीमेपलीकडे त्यालाच हद्द कायम मोजणी म्हणतात. तुमच्या पाच मीटर चुकणाऱ्या फोनचा त्यात काही संबंध नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक पानावर ठळक लिहावी: ‘या नकाशातील रेघा रचाई दाखवितात, मालकी किंवा हद्द दाखवीत नाहीत.’ सर्व्हे नंबर आणि नाव सार्वजनिक नोंदीतून काढून टाका. गाव आणि शिवाराचे नाव पुरे. भूमापनाचा खूण-दगड, ज्याला कन्नडमध्ये बांदुकल्लु म्हणतात, भिंतीच्या टोकाला दिसला तर त्याला हात लावू नका, साफसुद्धा करू नका.

दुसरी भीती मालक तोंडाने सांगत नाहीत. ‘वारसा’ हा शब्द ऐकला की त्यांना वाटते सरकार येणार आणि घर बांधायला बंदी घालणार. ही भीती हवेतली नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे आणि अशा स्मारकाजवळ राहणाऱ्यांनी तिचा त्रास सोसलेला आहे. पण ती फक्त अधिसूचना काढून संरक्षित घोषित केलेल्या स्मारकांना लागू होते. हौशी नकाशावर रेघ आल्याने कोणत्याही जमिनीवर कसलेही बंधन येत नाही, हे मालकाला आधी सांगावे आणि मगच टेप काढावा. ‘हेरिटेज’ म्हणू नका. ‘जुन्या रचाईची माहिती गोळा करतोय’ म्हणा. ते खरेही आहे.

तिसरे, गुप्तधन. आपल्या भागात अमावास्येला पडक्या भिंतींची आणि जुन्या चौथऱ्यांची उकराउकर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. देवराईतील भिंत, रानातले चौथरे, बुजलेली विहीर यांचे नेमके ठिकाण जाहीर करू नये. दशांशाची दोन स्थळेच ठेवावीत, म्हणजे किलोमीटरभराचा अंदाज राहतो.

रेघोट्या

हद्दीबाहेर यांच्या पहिल्या दोन मुद्द्यांशी पूर्ण सहमत आहे. तिसऱ्याशी अर्धा. रस्त्याकडेचा गडगा ज्याला त्याला दिसतो, तो लपवून काही साधत नाही. उलट रुंदीकरणात तो जाणार असेल तर आधीची नेमकी रेघच पुरावा म्हणून उरेल. देवराईसाठी आणि रानातल्या एकट्या रचाईसाठी मात्र त्यांचे म्हणणे योग्य आहे. तिथे ओपनस्ट्रीटमॅपवर काहीच काढू नये, कारण एकदा काढलेली रेघ पुसली तरी नकाशाच्या इतिहासात राहते.

उत्तर: पहार (हुक्केरी)

ही चर्चा गेले चार दिवस वाचत आहे. आम्ही वडार. घरी बोलतो ती वडारी तेलुगूच्या जवळची आहे, बाजारात कन्नड बोलतो आणि शाळा मराठीत झाली. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी हुक्केरी, संकेश्वर या भागात किती विहिरींच्या पौळी रचल्या याची गणती नाही. आपल्या रकान्यांत दगड आहे, ढाळ आहे, अक्षांश-रेखांश आहेत. रचणाऱ्याचा रकाना अजून कोणी सुचवला नाही, म्हणून लिहावेसे वाटले.

राग म्हणून हे लिहीत नाही. मालकाला विचारले तर तो सांगेल ‘आमच्या पणजोबांनी बांधली’. पणजोबांनी धान्य दिले, रचली दुसऱ्याने. गावात वडारवाडा असेल तर तिथे एकदा जावे. तिथले म्हातारे भिंत पाहून सांगतात की हे गाडी वडारांचे काम आहे की कुणा शेतकऱ्याने सवडीने रचलेले. नावे मिळाली नाहीत तरी ‘वडारांनी रचली असे वाड्यात सांगतात’ एवढे लिहिता येते. हद्दीबाहेर ताई नाव लिहू नका म्हणतात ते जमिनीच्या मालकाचे. रचणाऱ्याच्या नावाने कोणाचा बांध सरकत नाही.

रचाई कशी होते ते एकदा जवळून सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात विहिरीच्या पौळीचा आठ-नऊ फूट रुंदीचा भाग पावसात आत कोसळला. मालक काँक्रीटच्या कड्या टाकणार होते, खर्च ऐकून त्यांनी माझ्या चुलत्यांना बोलावले. चुलत्यांनी पहिला अख्खा दिवस एकही दगड लावला नाही. कोसळलेले सगळे दगड वर काढून त्यांनी काठावर पसरले: तळाचे मोठे धोंडे एका ओळीत, लांब शेपटीचे दुसरीकडे, पाचरीसारखे निमुळते तिसरीकडे आणि कपच्यांचा ढीग वेगळा. मी विचारले, घाई का नाही करत? ते म्हणाले, “दगडाला पोट असतंय, पाठ असतीया. पोट कुठलं ते कळल्याबिगार लावशील तर तो झोपत न्हाई, उठून बसतोय.” विहिरीची पौळ गोल असते, म्हणून प्रत्येक दगडाचे रुंद अंग मातीकडे आणि निमुळते तोंड पाण्याकडे येते. मागून मातीने ढकलले की दगड एकमेकांना आवळतात आणि पौळ सैल होण्याऐवजी घट्ट बसते. सरळ भिंतीत हे होत नाही, तिथे सांधमोड (खालच्या सांध्यावर वरचा दगड येईल अशी रचना) आणि आरपार दगड सांभाळावे लागतात. दगड बसला की नाही हे ते पाहून ठरवत नसत, पहारीच्या टोकाने ठोकून ऐकत. ढब असा आवाज आला की दगड काढत, खालची कपची बदलत आणि पुन्हा ठेवत. खणखणला की पुढे जात. पाच दिवसांत काम झाले आणि त्या पौळीला अजून काही झालेले नाही.

तो आवाज आपल्या फॉर्ममध्ये कसा भरणार ते मला ठाऊक नाही. पण फोनमध्ये रेकॉर्डर असतो.

शब्दांचेही तसेच. आपण ज्याला ताल म्हणता त्याला हुक्केरीकडचा कन्नड शेतकरी ओड्डु म्हणतो, साध्या मातीच्या बांधाला बदु म्हणतो. ‘पौळ’ मराठीत विहिरीची आणि देवळाच्या आवाराचीही, आणि कन्नडमध्येही देवळाभोवतीच्या आवाराला पौळीच म्हणतात; हा शब्द कोणी कोणाकडून घेतला यावर वाद घालायचा असेल तर दुसरा धागा काढावा. नोंदीत मालकाच्या तोंडून आलेला शब्दच लिहावा, आपण त्याचे भाषांतर करून लिहू नये.

जुना ओळंबा

पहार यांनी विहिरीच्या पौळीबद्दल जे सांगितले ते आम्हाला महाविद्यालयात आडव्या कमानीचे तत्त्व म्हणून फळ्यावर शिकवले होते. पोट आणि पाठ या दोन शब्दांत ते अधिक लवकर समजले असते. एक सुचवतो: चुलते अजून काम करीत असतील तर एखाद्या पडक्या गडग्याचे दहा फूट त्यांच्याकडून रचून घ्यावेत, त्यांना त्यांची पूर्ण मजुरी द्यावी आणि ते सर्व आवाजासह चित्रित करावे. मजुरीत माझा वाटा धरावा.

हद्दीबाहेर

माझाही धरावा. पहार, तुमचे म्हणणे बरोबर आहे. मात्र हयात कारागिराचे नाव लिहिण्याआधी त्याला विचारावे. काहींना आवडेल, काहींना आवडणार नाही.

मलप्रभाकाठ

सर्वांचे ऋण मोठे आहे. काय ठरवले ते लिहितो.

४१ नोंदींतून सर्व्हे नंबर आणि मालकांची नावे आज काढून टाकली. हलशीचे मंदिर यादीत येणार नाही. मित्र रुसला आहे, पण त्याला देवळाच्या वाटेवरचा जांभ्याचा गडगा मोजायला दिला आहे. ओळंबा लावून मोजलेला ढाळ, आरपार दगड, दगडाची जात, मालकाच्या तोंडचा शब्द आणि रचणारे असे पाच रकाने वाढवले. शेवटचा रकाना ४१ पैकी एकाही ठिकाणी भरता आला नाही, म्हणजे आम्ही तो कोणालाच विचारला नव्हता. त्यामुळे सगळीकडे पुन्हा जावे लागेल. देवराई आणि वाडगे फक्त आमच्या वहीत राहतील.

पहार, आपल्या चुलत्यांना आमचा नमस्कार सांगावा आणि त्यांची मजुरी व सवड कळवावी. जांबोटीकडे एका गडग्याला बारा-तेरा फुटांचे खिंडार पडले आहे. रानडुकरे तिथूनच आत शिरतात असे मालक म्हणतात; गव्यांबद्दल त्यांची तक्रार नाही, कारण गव्याला तीन फुटी गडगा म्हणजे घराचा उंबरा. दगड सगळे तिथेच पडलेले आहेत. हे मालक म्हणजे आम्हाला चहा पाजून बांधावर उभे राहणारेच. काल पुन्हा गेलो, नकाशाची गोष्ट काढलीच नाही, खिंडार रचून देणारा माणूस आणतो एवढेच म्हणालो. त्यांनी विचारले, “कधी येतासा?”

शिमग्याच्या आधीचा रविवार जमेल का?